कोकणच्या अंगणात रेन लिली: कंद लावण्यापासून स्वतःचा संकर फुलवण्यापर्यंत

कंदफुलांची हौस म्हटली की आधी डॅफोडिल आठवतो, पण तो कोकणात टिकत नाही. का, ते आधी बघू. डॅफोडिलच्या कंदात कळी वर यायची तर त्याला साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंशांखालची थंडी लागते. कोकण किनाऱ्यावर अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत जानेवारीतल्या पहाटेही पारा बहुधा १५ च्या खाली उतरत नाही. दापोलीसारख्या उंचावरच्या गावात थंडीच्या लाटेत तो दहाच्या आसपास येतो, पण तो चार दिवसांचा पाहुणा. कंद तीन महिने फ्रिजमध्ये ठेवून एकदा फूल मिळवता येतं. पुढच्या वर्षासाठी मात्र पानांना थंड, लांबलचक वसंत हवा असतो. आपल्याकडे फेब्रुवारी संपता संपता उन्हाळा लागतो, पानं वाळतात आणि कंद पोसायच्या आधीच लहान होत जातो. पेपरव्हाइट नावाचा पांढरा, घोसाचा नार्सिसस (डॅफोडिलचाच भाऊबंद) थंडीवाचून फुलतो. नोव्हेंबर-डिसेंबरात खडे भरलेल्या वाडग्यात, कंदाच्या बुडाला जेमतेम टेकेल इतक्या पाण्यावर ठेवला की चार ते सहा आठवड्यांत फुलं येतात. त्यानंतर तो कंद टाकूनच द्यावा लागतो.

छोट्या कंदांच्या मूळ रानजाती जमवायच्या, त्यांची आपापसांत लग्नं लावायची आणि जगात कुठेच नसलेलं फूल आपल्या परसात बघायचं, हा डॅफोडिलवाल्यांचा खरा आनंद. कोकणात तो हवा असेल तर त्याच अमॅरिलिडेसी कुळातली रेन लिली धरावी. शास्त्रीय नाव झेफिरँथस. ते १८२१ मध्ये ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हर्बर्ट यांनी दिलं आणि त्यांनी डॅफोडिलचेही संकर केले होते. भारतातही या फुलावर काम झालेलं आहे: विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलकत्त्यात सिडनी पर्सी-लँकॅस्टर यांनी रेन लिलीचे संकर केले. डॅफोडिलच्या बीपासून फूल यायला चार-पाच वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. रेन लिली आपल्या हवेत दीड-दोन वर्षांत फुलते, कधी कधी वर्षाच्या आतही. नवशिक्यासाठी हा फरक फार मोठा आहे, कारण केलेली चूक लगेच कळते आणि लगेच सुधारता येते.

कोणत्या जातींनी सुरुवात करावी

पाच जाती पुरेत. नर्सरीत सगळ्यांना सरसकट ‘रेन लिली’ म्हणतात, म्हणून पान आणि फूल बघून घ्यायला शिकावं.

कँडिडा: पांढरं फूल, पान जाडसर, गोलसर, सुईसारखं, बाराही महिने हिरवं. मूळची अर्जेंटिना-उरुग्वेतल्या ला प्लाटा नदीकाठची, त्यामुळे पाय ओले राहिले तरी कुरकुर करत नाही. जुलै सहज काढते. फुलांचा मुख्य बहर पाऊस ओसरताना.

सिट्रिना: लख्ख पिवळी, पान अरुंद. बी ढीगभर धरते आणि स्वतःच पसरते. मेक्सिकोकडची. पावसाळ्यात अधूनमधून फुलतच असते.

रोझिया: गडद गुलाबी, फूल जेमतेम इंचभर, पान चपटं. छोट्या फुलांची आवड असेल तर हिच्यासारखी दुसरी नाही. बी धरते, म्हणून संकरालाही कामाची.

कॅरिनाटा: मोठी गुलाबी, अंगणात सर्वांत जास्त दिसणारी. जुन्या पुस्तकांत ग्रँडिफ्लोरा. वळवाच्या पहिल्या सरीनंतर अख्खा वाफा एका दिवसात गुलाबी होतो तो हिचा. बी क्वचितच धरते, कंदांनी मात्र भराभर वाढते.

ट्युबिस्पाथा: पूर्वी हिला हॅब्रँथस या जवळच्या गटात गणत. आतून पिवळी, बाहेरून तांबूस, फूल जरा तिरकं. हिच्या बीतला अंकुर परागाशी मिलन न होताच तयार होतो. हे लक्षात ठेवा, पुढे संकराच्या वेळी लागेल.

टेक्सासकडच्या, रात्री उमलणाऱ्या ड्रमोंडीसारख्या जाती सुरुवातीला घेऊ नयेत. त्या कोरड्या मुलखातल्या. आपल्या आषाढात कुजतात.

कंद घेताना बोटांनी दाबून बघावा. बूड आणि मान दोन्ही टणक हवी. मान मऊ लागली किंवा साल काढल्यावर लालसर डाग दिसले तर घेऊ नये. कंदाचा व्यास १५ मिमी असला की त्याच हंगामात फुलतो, १० मिमीच्या आतला वर्षभर थांबवतो. एक कंद न घेता प्रत्येक जातीचे किमान दहा घ्यावेत. फूल एक-दोन दिवसच टिकतं, आणि संकरासाठी दोन जाती एकाच दिवशी उमललेल्या लागतात. दहा कंद असले तर तो योग जुळतो.

सड्यावर पावसाच्या तोंडावर उमलणारी पांढरी पँक्रेशियम किंवा सह्याद्रीतली दुर्मीळ क्रायनम ब्रॅकिनेमा ही या कुळातली आपली माणसं. ती जिथे आहेत तिथेच बघावीत. एकही कंद उपटू नये.

माती आणि कुंडी

इथेच बहुतेकांचं बिघडतं. कोकणात वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. घाटावरच्या लेखांत दिलेलं ‘एक भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू’ हे मिश्रण इथे जुलैत चिखल होतं. कंदाला पाण्याची भीती नाही. साचलेल्या पाण्यात हवा नसते आणि मुळं गुदमरतात, नुकसान त्याने होतं.

कुंडीसाठी मिश्रण असं करावं: जांभ्याचा चाळलेला चुरा २ भाग (३ ते ६ मिमीचे दाणे, धूळ चाळून टाकलेली), धुतलेला कोकोपीट १ भाग, दोन वर्षं जुनं पालापाचोळ्याचं खत १ भाग, भाताच्या तुसाची राख अर्धा भाग. सहा इंची कुंडीला एक चमचा हाडांचा चुरा आणि एक मोठा चमचा नीमपेंड. हाडांचा चुरा अशासाठी की जांभ्याच्या आम्ल मातीत स्फुरद अडकून बसतं, कंदापर्यंत पोचत नाही. ताजं शेणखत नको. त्यात हुमणीच्या अळ्या येतात आणि बुडाशी कूज लागते.

समुद्राची पुळण वापरू नये. कितीही धुतली तरी मीठ आणि शिंपल्यांचा चुना राहतो. नारळाच्या सोडणापासून घरी काढलेला काथ्याचा भुसा वापरणार असाल तर तो तीन वेळा गोड्या पाण्यात भिजवून पिळावा. खाजणाजवळ भिजत ठेवलेल्या सोडणांत मीठ असतं आणि पानांची टोकं करपली की कारण बहुधा तेच निघतं.

कुंडी उथळ, सहा ते आठ इंच खोल पुरते. बुडाला चार भोकं हवीत. सहा इंची कुंडीत दहा-बारा कंद लावावेत, कारण रेन लिली दाटीत जास्त फुलते. कंद असा बसवायचा की मान मातीच्या पातळीला राहील. कमी पावसाच्या प्रदेशात इंच-दीड इंच खोल लावायला सांगतात. इथे मान पुरली की पावसाचं पाणी मानेशी थांबतं आणि कूज तिथून आत शिरते. जमिनीत लावायचं तर वाफा आजूबाजूच्या जागेपेक्षा सहा-आठ इंच उंच करावा, कडेला चिऱ्यांचे तुकडे लावावेत. गडग्याच्या पायथ्याशी, जिथे पाणी थांबत नाही आणि सकाळचं ऊन येतं, ती जागा उत्तम. कुंड्या चिऱ्यावर किंवा विटांवर ठेवाव्यात, थेट जमिनीवर नको. पागोळीखाली तर अजिबात नको. पागोळ्यांची धार महिनाभरात कंद उघडे पाडते आणि खालची माती घट्ट करते.

ऊन निदान चार-पाच तास हवं. माडाखाली पान भरपूर येतं, फूल येत नाही.

कोरड आणि पाणी: फूल आणायची किल्ली

कळी कंदाच्या आत आधीच तयार असते. वाळलेल्या मातीला एकदम भरपूर पाणी मिळालं की ती वर येते. म्हणूनच मे अखेरच्या वळवानंतर फुलांचा पूर येतो आणि जुलैत, चोवीस तास पाऊस चालू असताना, वाफ्यात नुसती पानं दिसतात. माती वाळतच नाही, तर कंदाला इशारा कुठून मिळणार?

ही गोष्ट कळली की फुलं हुकमी आणता येतात:

१. भरलेली, वाढीला लागलेली कुंडी पाऊस लागणार नाही अशा जागी, पडवीत किंवा पत्र्याच्या शेडखाली न्या. ऊन मिळालं पाहिजे.

२. तीन ते चार आठवडे पाणी पूर्ण बंद. पानं लोळली, थोडी पिवळी पडली तरी घाबरू नका. कुंडी उचलून बघा, हलकी लागली पाहिजे.

३. मग कुंडी पाण्याने भरलेल्या घमेल्यात काठापर्यंत दोन तास बुडवून ठेवा. वरून तांब्याने घातलेलं पाणी वाळलेल्या कोकोपीटवरून कडेने निघून जातं, मधली माती कोरडीच राहते. ‘पाणी दिलं तरी फुललं नाही’ या तक्रारीमागे नव्वद टक्के हेच असतं.

४. बाहेर काढून निथळू द्या आणि उन्हात ठेवा. चार ते सात दिवसांत कळ्या वर येतात.

एका कुंडीला असा ताण वर्षात तीन-चार वेळा देता येतो, पण दोन ताणांमध्ये निदान सहा आठवडे भरपेट वाढ हवी. त्या काळात दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, आणि ताण द्यायच्या आधीच्या पाण्यात ०:०:५० लिटरला एक ग्रॅम. युरिया देऊ नये. पानं लांबलचक होतात, कंद पोकळ राहतो.

संकरासाठी याचा फायदा मोठा. आपल्याकडे परागणाचा चांगला काळ भर पावसाळ्यात येत नाही. तो ऑक्टोबर ते डिसेंबर आणि पुन्हा मार्च ते मेच्या मध्यापर्यंत असतो, कारण तेव्हा हवा कोरडी असते आणि पराग मोकळा सुटतो. दोन वेगळ्या जातींच्या कुंड्या एकाच दिवशी घमेल्यात बुडवल्या तर त्या दोन-तीन दिवसांच्या फरकाने फुलतात. पहिल्या वेळी कोण किती दिवसांनी फुललं ते वहीत लिहा. पुढच्या वेळी उशिरा फुलणारीला तेवढे दिवस आधी भिजवा.

संकर: हाताने परागण

सामान लागतं ते असं: बारीक टोकाचा चिमटा (भुवया कोरण्याचा चालतो, टोकं नीट जुळली पाहिजेत), छोटी कात्री, अॅल्युमिनियमची फॉइल, रंगीत दोरा, शिसपेन्सिल, लेबलसाठी पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या. मार्कर पेन नको. कोकणच्या ऊन-पावसात दोन महिन्यांत अक्षर उडतं, शिसपेन्सिलीचं वर्षानुवर्षं टिकतं.

पहिला संकर म्हणून आई कँडिडा आणि बाप सिट्रिना ही जोडी घ्या. या दोघींपासून झालेला फिकट पिवळा संकर एकोणिसाव्या शतकापासून ‘अजॅक्स’ नावाने लागवडीत आहे. म्हणजे ही जोडी जुळते याची खात्री आहे, आणि रोपं फुलली की आपलं काम खरं झालं का हे रंगावरून लगेच कळतं. पांढऱ्या आईच्या पोटी पिवळसर फूल आलं की समजावं, बाहेरचा पराग लागला.

संध्याकाळ, आदला दिवस. उद्या उमलणारी कळी ओळखायची ती अशी: दांडा पूर्ण उंच झालेला, कळी फुगलेली, टोकाशी पाकळ्या किंचित सैल, हिरवा रंग जाऊन पांढरा आलेला. कळीच्या बुडाशी डाव्या हाताच्या दोन बोटांचा आधार द्या. उजव्या हाताने टोकाकडून एक पाकळी हळूच बाहेर ओढा, मग दुसरी. आत मधोमध कुक्षीवृंताची नाजूक दांडी दिसते (तिचं टोक म्हणजे कुक्षी, पराग धरणारी जागा) आणि तिच्याभोवती सहा पुंकेसर. पुंकेसरांच्या टोकाचे परागकोश, म्हणजे परागाच्या पिशव्या, या वेळी लांबट, गुळगुळीत आणि बंद असतात. त्यावर पिवळी भुकटी दिसली तर उशीर झाला, ती कळी सोडून द्या. चिमट्याने परागकोशाच्या खालचा तंतू धरा आणि बाहेरच्या बाजूला ओढा, कुक्षीकडे नको. सहा काढले की तळहातावर ठेवून मोजा, कारण सहावा पाकळीमागे लपलेला राहून जातो आणि रात्रीत सगळा घोटाळा करतो. मग कुक्षीच्या टोकावर फॉइलची छोटी टोपी, एक सेंटीमीटर लांब, घालून ठेवा. मधमाशी आणि मुंगी दोन्ही दूर राहतात.

सकाळ. सिट्रिनाचं फूल नऊच्या सुमारास पूर्ण उघडतं. हवा दमट असेल तर परागकोश दहा-साडेदहापर्यंत फुटत नाहीत, घाई करू नका. फुटलेला परागकोश चिमट्याने तोडा, कँडिडाच्या कुक्षीवरची टोपी काढा आणि तो कुक्षीवर ब्रशसारखा फिरवा, टोक पिवळं दिसेपर्यंत. तासाभराने दुसऱ्या फुलाच्या परागाने पुन्हा एकदा करा. टोपी परत घाला. अंडाशयाच्या (फुलाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागाच्या) खाली दांड्याला दोरा बांधा, लेबल लावा: आधी आई, मग ×, मग बाप, मग तारीख. संकर करणारे बहुतेक हाच क्रम पाळतात. उलटा लिहिलात तर पुढे तुमच्याच नोंदी तुम्हाला फसवतील.

कुक्षीला त्या दिवशी पाणी लागता कामा नये. पाण्याचा थेंब पडला की परागकण फुगून फुटतात. पावसाची शक्यता असेल तर कुंडी पडवीत घ्या, जमिनीतल्या रोपावर काडीच्या आधाराने प्लास्टिकचा पेला उलटा टांगा. तो फुलाला टेकू देऊ नका, आत वाफ धरते.

दोन फुलं एका दिवशी जुळलीच नाहीत तर पराग साठवता येतो. परागकोश बटरपेपरच्या पुडीत घालून पुडी सिलिका जेलच्या दोन पाकिटांसह घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, बाटली फ्रिजमध्ये. दोन-तीन आठवडे चालतो. वापरताना बाटली बाहेर काढून अर्धा तास न उघडता ठेवा, नाहीतर थंड परागावर दव धरतं आणि तो वाया जातो.

आई कोणाला करू नये

ट्युबिस्पाथासारख्या जातींत बीतला अंकुर परागाच्या मिलनाशिवाय तयार होतो, त्यामुळे रोपं हुबेहूब आईसारखी निघतात. अशा जातीवर कितीही काळजीने परागण केलं तरी संकर मिळत नाही, आणि नवशिक्याला वाटतं हात चुकला. सिट्रिनाला आई केलं तरी बहुतेक वेळा पिवळ्या सिट्रिनाच पदरात पडतात. अशांना बाप करावं. एखादी अनोळखी जात कशी वागते ते बघायचं तर तिच्या कळीतले सहाही पुंकेसर काढा, पराग न लावता टोपी घाला आणि वाट बघा. तरीही भरलेलं बोंड धरलं तर ती जात आई म्हणून बाद.

कॅरिनाटाला आई करून बी मिळणं कठीण, तिचा पराग कँडिडावर लावून बघावा. गुणसूत्रांची संख्याही आड येते. रोझियात ती २४, सिट्रिनात ४८. अशा जोडीतून बिया थोड्या मिळतात आणि वाढलेलं रोप बहुधा वांझ निघतं. त्यात वाईट काही नाही. वांझ रोपाची ताकद बी पोसण्यात जात नाही, ती फुलांत आणि कंदांत जाते. फक्त पुढच्या पिढीसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

बोंड, बी, पेरणी

पाचव्या-सातव्या दिवशी अंडाशय हिरवागार आणि फुगलेला दिसला तर जमलं. पिवळा पडून दांडा लोळला तर नाही. एका जोडीवर दहा फुलं केली आणि तीन-चार बोंडं धरली तरी समाधान मानावं. दूरच्या नात्यातल्या जातींत त्याहूनही कमी.

बोंड साधारण तीन आठवड्यांत पिकतं. पंधराव्या दिवशी त्यावर मलमलीची किंवा जाळीची छोटी पिशवी बांधा. बोंडाला तीन कप्पे असतात. ते एका दुपारी तडकतं आणि संध्याकाळच्या वाऱ्याने बी उडून जातं. आत काळ्या, चपट्या, कागदासारख्या पातळ बिया एकावर एक रचलेल्या असतात. एकेक बी उजेडासमोर धरा: मध्ये फुगीर गाठ दिसली तर जिवंत, सगळी सपाट असली तर फोल. आपोआप धरलेल्या बोंडात तीस-चाळीस चांगल्या बिया मिळतात, दूरच्या संकरात कधी चार-पाचच. त्या चार-पाचच मोलाच्या.

बी साठवू नये, त्याच आठवड्यात पेरावं. दोन-तीन महिन्यांत उगवण पार घसरते, आपल्या दमट हवेत त्याहूनही लवकर.

बिया थोड्या असतील तर पाण्यावर उगवाव्यात. काचेच्या वाटीत इंचभर पाणी घ्या, बिया वर तरंगत सोडा, वाटी सावलीत पण उजेडात ठेवा. दर तीन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर बुळबुळीत होतं आणि डासांच्या अळ्या होतात. एक ते दोन आठवड्यांत मूळ फुटतं. हिरवं पान दोन-तीन सेंटीमीटरचं झालं की रोप मातीत लावा, बी मातीच्या वरच राहू द्या. बिया भरपूर असतील तर थेट ट्रेमध्ये, चाळलेला कोकोपीट, बारीक नदीची वाळू आणि पानखत समभाग घेऊन, दोन सेंटीमीटर अंतराने पेरा. वर पाच मिमीपेक्षा जास्त माती नको.

रोपांना पहिल्या वर्षी ताण द्यायचा नाही. मोठ्या कंदाला फूल आणायला जी कोरड देतो ती रोपाला दिली तर ते झोपी जातं आणि सहा महिने मागे पडतं. सतत ओलसर, कधीच चिखल नाही, सकाळचं ऊन, आणि तिसऱ्या पानानंतर आठवड्याला १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम. ऑक्टोबरात पेरलेल्या रोपांचा कंद मे अखेर ८ ते १० मिमीचा होतो. पहिला पावसाळा त्यांना पडवीतच काढू द्या. बाहेर ठेवलेल्या ट्रेवर शेवाळ धरतं, माती बसते आणि रोपं बुडाशी कुजून एकेक करून आडवी होतात. तसं दिसायला लागलं तर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) लिटरला पाच ग्रॅम घालून ओतावं आणि पाणी कमी करावं.

काय बिघडतं

काळी, पांढऱ्या-नारिंगी ठिपक्यांची अळी हा कोकणातला पहिला शत्रू. ही लिली मॉथची. कुंपणातल्या कळलावीवर वाढते आणि तिथून रेन लिलीवर येते. एका रात्रीत कुंडी बोडकी करते आणि पानं संपली की मानेतून कंदात उतरते. जूनपासून रोज सकाळी पानांची मागची बाजू बघा. अंडी पुंजक्याने असतात, ते पान तोडून टाका. अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. जास्त असतील तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, पाकिटावरच्या मात्रेने संध्याकाळी फवारा. मोठ्या अळीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, लहानपणीच गाठावी लागते.

पानावर किंवा दांड्यावर लालभडक, लांबट डाग आले तर तो बुरशीचा लाल डाग, डॅफोडिललाही हाच छळतो. ती पानं कापून जाळा, कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम फवारा, कुंड्यांत अंतर ठेवा. ट्रायकोडर्मा आणि तांब्याचं औषध एकत्र देऊ नका, मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या, नाहीतर औषध ट्रायकोडर्मालाच मारतं.

कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली आणि रोप कारण नसताना खुरटलं तर कंद उकरून बघा. बुडाशी पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. सगळी माती टाका, कंद धुवा, नीमतेल लिटरला पाच मिली आणि थोडा साबण यात पंधरा मिनिटं बुडवा, सावलीत दोन दिवस वाळवून नव्या मिश्रणात लावा. शंखी गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचाव्यात, दुसरा खात्रीचा उपाय नाही.

आणखी एक, आणि हे गंभीरपणे घ्या. हे कंद विषारी आहेत. त्यात लायकोरीन असतं, खाल्ल्यावर उलट्या होतात. वाळवायला काढलेले कंद स्वयंपाकघरात, लसूण-कांद्याच्या टोपलीजवळ ठेवू नका. गुरं-वासरं मोकळी फिरतात तिथे वाफा नको.

निवड आणि वाढ

रोप पहिल्यांदा फुललं की लगेच नाव ठेवायची घाई होते. पहिलं फूल लहान आणि फिकट येतं, कधी पाकळ्या पाचच असतात. तीन बहर बघावेत. कोकणासाठी निवडताना रंगाच्या आधी या गोष्टी तपासा: सरीचा मार खाऊन दांडा उभा राहतो का, पाकळीवर पाण्याचे डाग पडतात का, उघड्यावर ठेवलेला कंद जुलै-ऑगस्ट काढतो का, एका कंदातून एका बहरात दोन-तीन दांडे येतात का, वर्षात पिल्लं किती देतो. शंभर रोपांतून चार-पाच ठेवण्यासारखी निघतात. बाकीची गडग्याच्या कडेला लावा, तिथे ती सुखाने फुलतील.

ठेवलेल्या रोपाची जात टिकवायची तर बी उपयोगाचं नाही, कंदच वाढवावे लागतात. पिल्लं दर दोन वर्षांनी, नोव्हेंबरात, वेगळी करा. घाई असेल तर कंदाच्या फाका करा, डॅफोडिलवाले करतात तशाच. २० मिमीपेक्षा मोठा, निरोगी कंद घ्या. मुळं आणि टोक कापा. स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने वरून खाली चार फाका करा, प्रत्येकीला बुडाच्या टणक चकतीचा तुकडा आलाच पाहिजे, कारण नवे कंद तिथूनच फुटतात. फाका कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून निथळा, जेमतेम ओलसर व्हर्मिक्युलाइटसह (ओल धरणारे हलके खनिज दाणे) झिपच्या पिशवीत घाला आणि पिशवी अंधारात ठेवा. व्हर्मिक्युलाइट मुठीत दाबल्यावर पाणी निघालं तर ते जास्त ओलं आहे. आठवड्याने एकदा उघडून कुजलेली फाक काढून टाका. सहा ते आठ आठवड्यांत चकतीजवळ, दोन पापुद्र्यांच्या मध्ये, बारीक पांढरे कंद दिसतात. फाकेसकट रोपांच्या मिश्रणात लावा आणि रोपांसारखीच वागणूक द्या. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करावं. पावसाळ्यात केलेल्या फाका पिशवीतच सडतात.